बारावा प्लॉट

कपाशीच्या बियाण्याच्या चाचणीत धावडा गावचा प्लॉट पहिला आला, एकरी एकवीस क्विंटल. हे वाचलंच नाही असं समजा. कारण धावड्याला प्लॉट उरलाच नव्हता. तो होता रायभानच्या वावरात, आणि त्याच्याच बायकोच्या शेळ्यांनी भादव्यातच संपवला होता.

हे साल २००३. जुन्या जालन्यातल्या बियाणे कंपनीच्या कचेरीत मच्छिंद्र संगणकासमोर घाम पुसत होता. आकडे तो 'आर' नावाच्या संख्याशास्त्राच्या भाषेत भरायचा. तिथून सी भाषेतल्या एका जुन्या लायब्ररीतल्या, म्हणजे तयार प्रोग्रामांच्या गाठोड्यातल्या, एका फंक्शनला हाक मारायची, की ते पावसाचा हिशेब लावून प्रत्येक प्लॉटचं उत्पन्न सांगायचं. लायब्ररी कंपाइल करून, म्हणजे फक्त यंत्राला कळेल अशी करून ठेवणारा इंजिनिअर केव्हाच निघून गेला होता आणि आत काय आहे ते आता कुणालाच वाचता येत नव्हतं. प्लॉट किती, हे आपण सांगायचं. फंक्शन मोजून बघत नसे. यादीत शेवटचा, बारावा, धावडा; तो वगळून मच्छिंद्रने आकडे दिले अकरा आणि मागच्या वर्षीच्या सवयीने सांगितलं, बारा. फंक्शनने अकरा वाचले, आणि मेमरीत पुढे जे काही पडलं होतं ते बारावं म्हणून उचललं. उत्तर देताना ते जराही अडखळलं नाही.

"सर, माझं चुकलं," तो कचेरीचे प्रमुख धर्मराज सरांना म्हणाला. "बारावा आकडा त्यानं कुठून आणला, त्यालाच म्हाईत."

"परत चालव."

दुसऱ्यांदा एकतीस आले. तिसऱ्यांदा प्रोग्रामच बंद पडला.

"मंग एकवीसच बराबर हाय," सर चहा फुंकत म्हणाले. "एकतीस कुणी मानणार न्हाई."

"अकरा टाकून चालवू द्या ना, सर."

"अकरात बियाणं नापास होतं, मच्छिंद्र. पाकिटं छापून झाली."

उन्हाळा सरता सरता रायभान कचेरीत आला. काखेत त्याच बियाण्याची पाकिटं होती.

"मच्छिंद्रभाऊ, मह्या वावराचं नाव झालं म्हणं. यंदा चारी एकर हेच लावून राह्यलो."

"रायभानभाऊ, तुमचा प्लॉट शेळ्यांनी खाल्ला. तुम्हीच सांगायला आल्ते."

"खाल्ला ना. बुडखे बी न्हाई ठेवले." रायभानने जरा विचार केला. "पण तुमच्या कंपूटरला दिसलं म्हंजे असंल कुठंतरी. आपल्याला काय सगळंच दिसतं का?"

"हे लावू नका. बिलकुल लावू नका. चूक माझी हाय."

"नोकरी तुमची, चूक तुमची. नंबर तेवढा आमचा आला, तर खुपून राह्यलं व्हय?" रायभान हसत हसत पायऱ्या उतरला.

मच्छिंद्रने दार लोटलं आणि मुख्य कार्यालयाला अर्ज लिहायला घेतला.

"विषय: धावडा येथील उत्पन्न कमी करणेबाबत.

महोदय, सदर प्लॉटचे एकरी एकवीस क्विंटल उत्पन्न रद्द करण्यात यावे. ते शक्य नसल्यास, तेवढेच पीक श्री. रायभान यांच्या चार एकरांत दिवाळीपूर्वी प्रत्यक्ष येईल अशी व्यवस्था कार्यालयाने आपल्या स्तरावर करावी, ही नम्र विनंती."