ज्येष्ठांच्या रांगेतली दोन तिकिटं

आदेल्मो लुनाचं गाणं मला कधी सोसलं नाही. पंचेचाळीस वर्षं हा बाप्या एकाच बाईच्या नावानं गळा काढतोय, आणि ती बाई शहाणी, ती काही परत येत नाही. पण आमच्या रेसिफे शहरात त्याच्यावर जीव टाकणारी माणसं पोत्यानं आहेत, आणि त्यात माझी शेजारीण मारिनाल्वा पहिली. तिच्या स्वयंपाकघरात येशूच्या तसबिरीशेजारी ह्याचा फोटो लावलाय. फुलं कुणापुढे जास्त ताजी असतात ते मी सांगणार नाही.

तर हा बाबा एकदाचा गाणं सोडायला निघाला. शेवटचा कार्यक्रम आमच्याच गावात, नदीकाठच्या जुन्या थिएटरात. मध्यंतरी कुण्या पोरीनं त्याच्या गाण्यावर नाचून व्हिडिओ टाकला होता, तेव्हापासून विशीतली पोरंसुद्धा त्याच्या नावानं उसासे टाकायला लागली होती. इंटरनेटवर विक्री सुरू झाली त्या दिवशी मारिनाल्वा भाच्याच्या कॉम्प्युटरपुढे हात जोडून बसली. पडद्यावर आलं, तुमच्या पुढे एकेचाळीस हजार जण आहेत. थोड्या वेळानं आलं, तिकिटं संपली. आणि तिनं डोळे पुसेपर्यंत तीच तिकिटं दुसऱ्या एका साइटवर पाचपट भावानं हजर! पोरांनी थिएटरसमोर आरडाओरडा केला, पेपरात छापून आलं, तेव्हा कुठे आयोजकांनी शेवटची थोडी तिकिटं खिडकीवर विकायची ठरवलं. माणशी दोन. साठीपुढच्यांची रांग वेगळी आणि आधी. आमच्याकडे तसा कायदाच आहे.

जिथे कायदा तिथे जेनिव्हाल. हा आमच्या गल्लीतला ब्लॅकवाला. त्याची आई माझ्याबरोबर बिंगो खेळते, त्यामुळे त्याला बाहेर नावं ठेवता येत नाहीत, इथे ठेवते. कुठलाही मोठा कार्यक्रम असला की तो आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना गोळा करतो, तिकिटाचे पैसे हातात ठेवतो, ज्येष्ठांच्या रांगेत उभं करतो आणि तिकिटं घेऊन मजुरी देतो. मी नेहमी जाते. पेन्शनीत औषधं येतात, मासे येत नाहीत.

मारिनाल्वा मला ह्यावरून बोल लावायची. पण ह्या खेपेला तीच मला घेऊन जेनिव्हालच्या दारात गेली.

"मला मजुरी नको," ती त्याला म्हणाली. "तुझ्या पैशानं दोन तिकिटं काढते. एक तुला, एक मला."

जेनिव्हालनं तिच्याकडे नीट पाहिलं. "चालेल, मावशी. पण माझं तिकीट माझ्या हातात आलं पाहिजे. गडबड नको. घर मला माहीत आहे."

"तू धमकी देतोस का रे मला? तुझी लाळ पुसलीय मी!"

"म्हणून तर मावशी म्हणतोय," तो हसून म्हणाला.

विक्रीच्या दिवशी सकाळीच असं ऊन होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. तरुण पोरांची रांग कोपरा वळून पार पुलापर्यंत गेलेली. दोन रात्री फुटपाथवर काढलेली पोरं ती, डोळे लाल, केस विस्कटलेले. आमची रांग त्यांच्या शेजारून, दोरीच्या अलीकडे. आम्ही तीसेक म्हातारे. त्यांतले किती आदेल्मोसाठी आले होते आणि किती जेनिव्हालसाठी, ते न सांगताही दिसत होतं. माझ्या पुढच्या म्हाताऱ्याला तर कार्यक्रम कुणाचा आहे हेही माहीत नव्हतं. त्यानं मला विचारलं, "फुटबॉल आहे ना?"

ते दोरीपलीकडच्या एका पोरानं ऐकलं आणि भडका उडाला.

"ऐकलंत का? ह्यांना भाड्यानं आणलंय! सगळेच्या सगळे ब्लॅकवाल्याचे!"

"कितीला विकलंस गं म्हातारे स्वतःला?"

"सोडू नका ह्यांना खिडकीपर्यंत!"

पोरं दोरी ओलांडून आमच्या आडवी आली. गार्ड दोनच, तेही सावलीला. उसाच्या रसाच्या गाड्याजवळ जेनिव्हाल उभा होता, तो आमच्याकडे न बघता मोबाइलमध्ये बघत होता. मी मारिनाल्वाचा दंड धरला, चल, घरी जाऊ. पण ती हलेना. तिचा चेहरा लाल झाला होता.

"मी भाड्याची?" ती ओरडली. "तुझी आई जन्मली नव्हती तेव्हापासून मी त्याला ऐकतेय!"

एक सडपातळ मुलगी पुढे आली. गालाला उन्हाचे चट्टे, अंगात आदेल्मोचं तोंड छापलेला टी-शर्ट. तिचं नाव रायानी, हे नंतर कळलं. "मग गाऊन दाखव, आजी," ती म्हणाली. "ते 'किल्ली'वालं. दुसरं कडवं. पहिलं सगळ्यांनाच येतं."

मारिनाल्वानं पर्स माझ्याकडे दिली, डोळे मिटले आणि त्या भर उन्हात गायला लागली. तू दार लावून घेतलंस, मी किल्ली गिळून टाकली, आता पोटात दुखतं ते तुझ्यामुळे, असं काहीतरी ते गाणं आहे. माझा आवाज असता तर मी लाजून मेले असते. पण हिचा सूर लागला. दुसरं कडवं झालं, तिसरं झालं, मग तिनं असं एक कडवं म्हटलं जे म्हणे फक्त जुन्या तबकडीवर होतं. पोरं आधी टाळ्या वाजवायला लागली, मग तिच्यामागून गायला. रायानी तर रडायलाच लागली.

"खरी आहे ही! खरी आहे! आजीला जाऊ द्या!"

आणि आजीबरोबर म्हणून मलाही. आम्हाला कुणी थंड पाणी दिलं, कुणी वारा घातला. बाकीच्या म्हाताऱ्यांपैकी ज्यांना एक ओळही गाता आली नाही त्यांना मात्र त्यांनी हाकललं. तो फुटबॉलवाला बिचारा भरउन्हात चालत गेला. मी मनात म्हटलं, सुटलो. कुठलं सुटतोय! रायानी दोरीला चिकटून आमच्याबरोबर एकेक पाऊल सरकत होती. ती नखं रंगवायच्या दुकानात काम करते, आई घरी आजारी, आईनंच हिला आदेल्मो ऐकायला शिकवला, सगळं सांगून झालं. मग तिनं एकदम मारिनाल्वाचा हात धरला.

"आजी, तुला दोन मिळणार ना? एक माझ्यासाठी काढशील? माझा नंबर येईपर्यंत काही उरत नाही बघ." आणि सगळ्यांसमोर तिनं घडी केलेल्या नोटा मारिनाल्वाच्या मुठीत कोंबल्या.

"काढेल की! आजी ती आपली!" मागून पोरं ओरडली.

मारिनाल्वा माझ्याकडे बघायला लागली. मी काय सांगणार? नाही म्हणावं तर दुसरं तिकीट कुणाचं ते उघडं पडणार, आणि आत्ता ज्यांनी वारा घातला तेच दोरी ओलांडून येणार. हो म्हणावं तर तिकिटं दोन आणि धनी तीन. इकडे आड, तिकडे विहीर, आणि गाड्याजवळ जेनिव्हाल रस पीत उभा.

"बघते हं," ती पुटपुटली. मूठ मिटली.

रांग पुढे सरकत होती आणि प्रत्येक पावलाला ती मला कुजबुजत विचारत होती, "दालव्हा, काय करू?" मी म्हटलं, जेनिव्हालचं जेनिव्हालला दे, तुझं पोरीला दे, नि घरी रेडिओ लाव. ती म्हणाली, "मग मी?" मी म्हटलं, तर मग पोरीचे पैसे परत कर. ती पुन्हा तेच म्हणाली, "मग ती?"

मी खिडकीवर दोन तिकिटं घेतली. माझ्यामागून मारिनाल्वानं घेतली. तिच्या शेजारशेजारच्या खुर्च्या, आठवी रांग, सतरा आणि अठरा. इतकी चांगली जागा! तिनं तिकिटांचा वास घेतला, खरंच घेतला, आणि मला तेव्हाच कळलं ही काय करणार ते.

दोरीपाशी रायानी टाचा उंचावून उभी होती.

"मला एकच दिलं गं," मारिनाल्वा म्हणाली आणि नोटा तिच्या हातात ठेवल्या. "संपतच आलीत."

पोरीचा चेहरा पडला. मग तिनं काय करावं? चिडावं, शिव्या द्याव्यात? तिनं दोरीवरून वाकून मारिनाल्वाला मिठी मारली. "असू दे, आजी. तुला तरी मिळालं. तुझा हक्कच आहे." नंबरही मागून घेतला तिचा, मोबाइलवर गाणी पाठवायला.

थोड्याच वेळात खिडकी बंद झाली. मागून शिट्ट्या, शिव्या, रडारड. आम्ही रसाच्या गाड्यामागे जाऊन जेनिव्हालला तिकिटं दिली, माझी दोन आणि मारिनाल्वाचं अठरा नंबरचं. त्यानं माझी मजुरी मोजली. "आता लांब उभ्या राहा," म्हणाला, "धंद्याची वेळ झाली." आम्ही चार पावलांवर बाकावर बसलो. मारिनाल्वाला चालवत नव्हतं.

आणि तेवढ्यात रायानी आली. सरळ जेनिव्हालकडे. घासाघीस करत होती, हात जोडत होती. तो मान हलवत होता. तिनं आईला फोन लावला, पुन्हा लावला. आई आजारी आहे असं नुकतंच सांगितलं होतं तिनं, त्याच आईकडे पैसे मागत होती. शेवटी फोन त्याच्या फोनपुढे धरला, पैसे गेले. चौपट. जेनिव्हालनं खिशातून हाताला लागलं ते तिकीट काढून दिलं. वरचंच, शेवटी ठेवलेलं.

मारिनाल्वानं माझ्या मांडीत नखं रुतवली.

पोरीनं आम्हाला पाहिलं आणि धावत आली. "मिळालं! आजी, मिळालं! त्या चोरानं पिळून घेतलं, पण मिळालं! आठवी रांग, अठरा! तू कुठे बसणार?"

पर्स मारिनाल्वाच्या मांडीवर होती. तिनं दोन्ही हातांनी ती दाबून धरली.

"वर," ती म्हणाली. "अगदी वर, गॅलरीत."

कार्यक्रमापर्यंतचे दिवस कसे गेले ते मला विचारा. भिंतीला भिंत लागून, तिच्या घरातलं सगळं ऐकू येतं. आदेल्मो वाजत नव्हता. मी समजावलं, अगं, जाऊन बस. म्हण, कुणीतरी जागा बदलून दिली. "आठव्या रांगेतून गॅलरीत कोण जातं?" ती म्हणाली. "ती माझ्याकडे बघेल आणि तिला कळेल. आणि तिला कळलेलं असताना दोन तास मी तिच्या शेजारी बसायचं." मग विक, म्हटलं. त्यावर तिनं मला जे सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही.

तरी त्या संध्याकाळी ती पिवळा ड्रेस घालून, ओठ रंगवून माझ्या ओसरीवर आली. मला वाटलं, ठरवलं हिनं. टॅक्सी बोलावली. टॅक्सी आली, भोंगा वाजवला, पुन्हा वाजवला. ती खुर्चीतून उठलीच नाही. मी जाऊन ड्रायव्हरला काहीतरी देऊन परत पाठवलं.

मग मोबाइल वाजला. रायानीनं बोलून पाठवलेला निरोप, मागे गर्दीचा कल्ला. "आजी, कुठे आहेस? अगं, माझ्या शेजारची खुर्ची रिकामी! कुण्या मेल्या पैसेवाल्यानं घेऊन ठेवली आणि आलाच नाही. बाहेर लोक रडतायत आणि इथे ही रिकामी! तू खाली ये ना, मी तुझ्यासाठी धरून ठेवते."

मारिनाल्वानं कसंबसं टाइप केलं, ताप आलाय, घरीच आहे.

लगेच व्हिडिओ कॉल. रायानीचं घामेजलेलं तोंड. "ताप? आजच? अरे देवा! थांब, आजी, थांब, ठेवू नकोस." चित्र गरगरलं, मखमल दिसली, मग स्टेज. तिनं मोबाइल शेजारच्या खुर्चीत पाठीला टेकवून ठेवला होता. "बघ, बसवलं तुला! दिसतंय का?"

दिसत होतं. सतरा नंबरच्या खुर्चीतून जसं दिसायला हवं तसंच. म्हातारा आदेल्मो काठी टेकत आला, माइक धरला. मारिनाल्वाच्या मांडीवर ते तिकीट होतं.

दुसऱ्या गाण्याच्या वेळी पडद्यावर कुणाचा तरी पाय आला, गणवेशाची पँट. माणसाचा आवाज आला, "ताई, मोबाइल उचला, ही जागा कुणाची आहे? मागे एक जण उभे आहेत."

"माझ्या आजीची आहे," रायानी म्हणाली.

"तिकीट?"

"तिकीट तिच्याकडे आहे. आजारी आहे ती. हात लावून बघा हिला, आरडाओरडा करीन मी!"

पाय गेला. गाणं सुरूच होतं. मारिनाल्वानं मोबाइल टेबलावर पालथा ठेवला आणि मला म्हणाली, "दालव्हा, तू बोल तिच्याशी. काहीही सांग. मी झोपले म्हण."

मी मोबाइल उचलला आणि म्हटलं, "आजी झोपलीय गं, पण खुर्ची सोडू नकोस."