साथीला गिटार

"ओव्हन केकला असतोय रं, ह्याला न्हाय," असं म्हणत जयाबाईंनी पत्र्याच्या डब्याचं झाकण उचललं. आत मिणमिणता बल्ब जळत होता. त्याच्या उबेत ठेवलेलं टेपचं स्पूल त्यांनी दोन बोटांत धरून बाहेर काढलं, टेपचं मोकळं टोक गालाला लावलं आणि डोळे मिटले.

समोर बसलेला आदर्श श्वास रोखून बघत होता. हा खानापूरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, आता गावाच्या लष्करी भागात, कॅम्पात, दातांचा डॉक्टर. जुन्या रॉकचं वेड त्याला जयाबाईंइतकंच, फक्त वय त्यांच्या निम्मं. स्पूल वाजवायचं चालू यंत्र अख्ख्या ओळखीपाळखीत त्याच्या एकट्याकडं होतं. रविवारचा दवाखाना बंद ठेवून, ते धूड रिक्षात मांडीवर घेऊन तो शहापूरच्या गल्लीत आला होता.

"काय म्हणतीया टेप, आक्का?"

"ओलसर हाय अजून. जेवणं होऊ द्यात."

"गालाला कळतं हे?"

"निपाणीच्या वखारीत माझी आई तंबाखूचं पान असंच गालाला लावायची. लई वाळलं की चुरा, ओल ऱ्हायली की बुरशी. मधलं नेमकं गालालाच कळतंय." जयाबाईंनी स्पूल परत डब्यात ठेवलं. "आनि डब्याचं म्हणशील तर चौतीस वरसं कमी दिवसाची पोरं बल्बाखाली जगवलीत मी. ही त्यातलीच एक समज."

या बाईला कशाची शंका म्हणून कधी आली नाही. सरकारी दवाखान्यात जया सिस्टर म्हटलं की शिकाऊ डॉक्टर सरळ उभे राहायचे. त्याच ठसक्यात त्या कॅम्पातल्या बंगल्यांच्या दारात उभ्या राहायच्या. लष्करातल्या साहेबाची बदली झाली, कुणी निवृत्त होऊन गाव सोडलं, की सामान हलायच्या आधी बाई हजर. "रेकॉर्डी हायत का? इंग्लिश? आवाज करणाऱ्या?" असं विचारायच्या. लोक आधी हसायचे. मग ही नऊवारीतल्या आईची, निपाणीच्या तंबाखू कामगारणीची लेक रेकॉर्ड उजेडाकडं तिरपी धरून, मधल्या कागदाजवळच्या मोकळ्या पट्टीत कोरलेला आकडा वाचून, ही आपल्याकडच्या कारखान्यात, डमडमला छापलेली आणि ती लंडनची पहिली छपाई, असं सांगायला लागली की हसू मावळायचं. घराच्या तीन भिंती आज रेकॉर्डींनी भरल्यात. चौथ्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि त्यांच्या खाली जाहीर कार्यक्रमांच्या टेपांचं कपाट. प्रत्येक डब्याला सलाईनच्या बाटलीला लावतात तसली पांढरी चिकटपट्टी, आणि तिच्यावर सिस्टरच्या टपोऱ्या अक्षरात आधी मुख्य कलाकाराचं नाव, खाली साथ कुणाची ते.

पण आजच्या स्पुलाची गोष्ट वेगळी. बाईंचा आजचा ठसका वरवरचा होता, आतून जीव टांगणीला लागला होता.

या स्पुलात त्यांच्या नवऱ्याची गिटार होती.

यल्लाप्पा कॅम्पातल्या मेसमधल्या आचाऱ्याचा मुलगा. चर्चमधल्या मास्तरांकडून गिटार शिकला आणि चार पोरं जमवून बँड काढला. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी कारखान्यात डाव्या हाताची दोन बोटं गेली. गिटार संपली. महिनाभर माणूस बोलला नाही, आणि मग एक दिवस पगारातून जुनी रेकॉर्ड घेऊन घरी आला. म्हणाला, "हाताचं गेलं, कानाचं न्हाय गेल्यालं." तिथून हा संग्रह सुरू झाला, दोघांचा. तीन वर्षांपूर्वी यल्लाप्पा गेला. मुलगी अक्षरा चाळीशीला आली, पण बापाला गिटार वाजवताना तिनं कधी ऐकलंच नव्हतं. जयाबाईंना स्वतःलाही खरं सांगायचं तर आता तो आवाज आठवत नव्हता. आठवतोय असं वाटायचं, आणि धरायला गेलं की निसटायचा. हेच त्यांना सगळ्यात जास्त लागायचं.

बँडचं एकच रेकॉर्डिंग झालं होतं, कॅम्पातल्या हॉलमधलं. यंत्र एका मेजरसाहेबाचं. दुसऱ्याच दिवशी त्याची बदली झाली आणि टेप न ऐकताच यंत्राबरोबर निघून गेली. तो साहेब म्हातारपणी परत इथंच येऊन राहिला होता, हे कुणाला ठाऊकच नव्हतं. पंचेचाळीस वर्षांनी, गेल्या महिन्यात, भंगारवाल्यानं फोन केला. "आक्का, बंगला रिकामा करालोय, तुमच्या कामाचं खोकं हाय बगा." खोक्याच्या तळाशी हे स्पूल होतं, आणि डब्यावर जयाबाईंचंच, एकोणीस वर्षांच्या पोरीचं अक्षर: यल्लाप्पा, गिटार.

वर्षानुवर्षं ओल धरून टेप चिकट झाली होती. वाजवली की तिच्यावरचा आवाजाचा थर सुटून यंत्राला चिकटणार, हे आदर्शनं आधीच सांगितलं होतं. म्हणजे वाजली तर एकदाच. म्हणून अक्षरा पुण्याहून लॅपटॉप घेऊन आली होती. वाजता वाजता त्यात उतरवून घ्यायचं ठरलं होतं.

जेवणं झाली. जयाबाईंनी परत टेप गालाला लावली आणि म्हणाल्या, "झालं. चढव." गल्लीतले माग रविवारचे बंद होते, एरवी त्या खटखटाटात स्वतःचा आवाज ऐकू यायचा नाही.

"मम्मी, आज्जीपण होती ना त्या दिवशी?" लॅपटॉपची वायर जोडता जोडता अक्षरानं विचारलं.

"होती की. होस्टेलवर मला बघायला भाकऱ्या घिऊन आलती. एकटीला कुठं सोडायची म्हणून नेली हॉलमधे. मशीन आनि माईक स्टेजच्या कडंला, माझ्याच ताब्यात दिल्यालं, पर मला म्होरं जाऊन बघायचं होतं. आईला सांगितलं, ह्याच्यावर ध्यान ठेव, कुणाला हात लावू द्यायचा न्हाय. आनि गेले पळत." जयाबाई हसल्या, आणि लगेच तोंड कडू झालं. "त्याच राती होस्टेलच्या दारात सांगितलं तिला, ह्याच्याशी लगीन करणार. न्हाय म्हणाली. वाजीवणाऱ्याच्या घरात पोर देणार न्हाय. दोन वरसं रडवलं मला तुझ्या आज्जीनं. माझं सुख तिला कधी बघवलंच न्हाय."

हे गाऱ्हाणं अक्षराला पाठ होतं. आज्जीला, शेवंताबाईंना, जाऊन वीस वर्षं होऊन गेली तरी ते ताजंच होतं.

आदर्शनं खटका दाबला.

आधी नुसती खरखर. मग माणसांचा गलका, खुर्च्यांचे आवाज. मग एक तरुण आवाज अगदी जवळून, दबकत, इंग्रजीत एक-दोन-तीन-चार म्हणाला, आणि गिटार सुरू झाली.

"बाबा!" अक्षरा पुटपुटली.

जयाबाईंनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. हाच, हाच तो आवाज. स्वच्छ, धसमुसळा, किंचित घाईतला.

आणि इतक्यात धाडकन काहीतरी आदळलं. मग घासल्यासारखा खरबरीत आवाज, मग बांगड्या. गिटार एकदम लांब गेली, शेजारच्या गल्लीत कुणीतरी वाजवतंय इतकी लांब. आणि यंत्रातून, अगदी कानाशी, खणखणीत आवाज आला:

"ह्यो काळा दांडका पोरीनं राखायला दिलाय बाई. लई म्हागाचा हाय म्हणं. मांडीवरच घेतला. कोन लाथाडंल, कोन घिऊन पळंल, काय सांगावं!"

आदर्शनं कपाळावर हात मारला. "माईक उचलला की हो त्यांनी!"

"आई!" जयाबाई यंत्रावर ओरडल्याच. "अगं, हात लावू नको म्हणलं व्हतं न्हवं तुला! पदराखाली घेतलीस व्हय? बस स्टँड वाटलं काय तुला त्ये?"

अक्षराला हसू आवरेना. पण जयाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, रागाचं. पंचेचाळीस वर्षांनी सापडलेली गिटार, एकदाच वाजणारी, आणि ती मेलेल्या आईनं पदराखाली झाकून टाकली! हयातभर झालं तेच आजही झालं, असं त्यांना मनापासून वाटलं.

"बंद करू?" आदर्शनं विचारलं.

"चालू दे. थांबवलीस तर तेवढंबी जाईल."

टेपवर दुसऱ्या बाईचा आवाज आला. "कुटल्या तुमी?"

जयाबाईंनी मान वर केली. "ह्या आमच्या सासूबाई. अक्काताई. ह्या कधी भेटल्या हिला?"

"निपाणीची," शेवंताबाई सांगत होत्या. "वखारीत हाय तंबाखूच्या. पोर हितं नर्स शिकतीया. ती बगा म्होरं हुबी, हिरव्या वढणीची."

"बाई गं, त्यो मधला गिटारवाला माजाच की."

लांबवर गाणं संपलं, टाळ्या झाल्या, दुसरं सुरू झालं. मधे पानाच्या डब्याचं झाकण वाजलं.

"तुमची पोर माज्या पोराकडंच बगालीया व्हय हो?" अक्काताईंनी हळूच विचारलं.

"बगालीया." जरा वेळ नुसती गिटार. "डोळं गेलं माजं तंबाखूच्या धुळीनं, पर एवडं दिसतंय. असली हसल्याली म्या तिला कदी बगितली न्हाय. आमच्या वखारीत बाईमानूस असं हसत न्हाय बगा."

जयाबाई यंत्राकडं झुकल्या.

"मंग?" अक्काताई म्हणाल्या.

"मंग काय, आज न्हाय तर उद्या इचारंलच मला. म्या न्हाय म्हननार."

"का वं? माजं लेकरू वंगाळ हाय व्हय?"

"गुनाचा दिसतोय. म्हनून तर भ्या वाटतंय. आत्ता व्हय म्हनलं की ही शिकाप टाकून त्याच्या मागनं पळंल. पळालेच की मी बी तिच्या बापामागनं, आनि ऱ्हायले जलमभर वखारीत. तिचं दोन वरीस ऱ्हायल्यात. तवर न्हायच म्हननार. दात वठ खाईल, शिव्या दील, देऊ द्या. पांढरी साडी अंगावर चढली, पगार हातात पडला, की दुसऱ्या दिशी व्हय म्हनते. तेवडं तुमच्या पोराला थांबवून धरा, आक्का. पाया पडते."

"पाया नगा पडू. थांबंल त्यो. न्हाय थांबला तर तंगडं मोडते त्याचं." अक्काताई हसल्या. "पर पोरीला खरं सांगशीला का न्हाय कदी?"

"कशाला? तिला कळलं की माजं ‘न्हाय’ लटकं हाय, तर दोन दिवसांत व्हय करून घील. माजी पोर हाय ती. तुमी बी बोलू नगा."

"न्हाय बोलत. आण हाय."

अक्काताई बोलल्या नाहीत. सून म्हणून जयाबाईंनी त्यांचं शेवटपर्यंत केलं, अंथरुणातलं सगळं केलं, आणि त्या तोंडातून चकार शब्द निघाला नाही. दोन्ही बायांनी दिलेला शब्द पाळला.

लांबवर यल्लाप्पाची गिटार चढत गेली. आता जयाबाईंना ती नीट ऐकू येत होती, आईच्या बांगड्यांच्या आणि श्वासाच्या पलीकडून, जिथं ती त्या दिवशी आईला ऐकू आली होती तिथूनच. शेवटी टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यात माईकच्या अगदी जवळ, मांडीवर एकाच हातानं वाजवलेल्या थापा होत्या, कारण दुसऱ्या हातात दांडका होता. आणि मग शेवंताबाई म्हणाल्या, "ग्वाड वाजीवतोय गं बाई." टेपचं टोक सुटून फडफडायला लागलं.

यंत्राच्या धातूवर तपकिरी भुकटी साचली होती. टेप संपली ती संपलीच.

मग आदर्शनं घसा साफ केला. "आक्का, उतरलंय सगळं. आता सॉफ्टवेअरवर जवळचे आवाज खाली नेता येतील. आज्जींचं बोलणं काढून टाकून गिटार वर..."

"खबरदार!" जयाबाईंचा आवाज दवाखान्यातला होता. "एक बांगडी जरी काढलीस तर तुझंच दात तुझ्याकडनं काढून घेईन."

"नाही काढत, सिस्टर," तो म्हणाला.

अक्षरानं आईच्या पाठीवर हात ठेवला. जयाबाई एवढंच म्हणाल्या, "लग्नात बसून रडली होती ती. मला वाटलं, मनाविरुद्ध झालं म्हणून रडतीया. मी बोललेसुद्धा न्हाय तिच्याशी धड. कशी होती गं ही बाई! सांगायचं तरी." मग उठल्या, तोंड न धुताच चिकटपट्टीचं रीळ घेऊन आल्या, आणि डब्यावरचं स्वतःचं जुनं अक्षर न झाकता त्याच्या वर नवी पट्टी लावली. टपोऱ्या अक्षरात लिहिलं:

मुख्य कलाकार: शेवंताबाई, निपाणी.
साथीला गिटार: यल्लाप्पा.

डब्यात ठेवण्याआधी त्यांनी सवयीनं टेपचं टोक गालाकडं नेलं, आणि मधेच थांबल्या. टेपला ओल लागू नये म्हणून आधी पदरानं गाल कोरडा केला, आणि मग टोक गालाला लावलं.