बुजवलेली खिडकी

"ओ बाबा, थांबा! काय मारून राह्यले घरात?"

गावची आशा कार्यकर्ती धम्मशीला दारातूनच ओरडली. आत इंद्रभान पाठीवर फवारणीचा पंप घेऊन, नळीचं तोंड कोपऱ्याकडे धरून उभा होता.

"टीबीचे जंतू," तो म्हणाला. "कपाशीचंच औषध हाये. जरासं पातळ केलं."

"जंतू नाई मरनार, मानसं मरतील! ठेवा तो पंप बाहेर."

धाडच्या शिवारात इंद्रभाननं उभा जन्म फवारणीत घालवला होता. पान उलटून पाहिलं की मावा बसलाय की तुडतुडे, हे तो लगेच सांगायचा. शेताशेतातल्या अळ्या मारणाऱ्या माणसाला घरातला एक जंतू आवरू नये, हे त्याच्या जिव्हारी लागलं होतं. पंप त्यानं बाहेर ठेवला खरा, पण चेहरा हरल्यासारखा करून.

ओसरीत त्याची बायको अन्नपूर्णा तोंडाला पदर लावून बसली होती. तपासणीत टीबी निघाल्यापासून तिनं आपलं ताट, आपला पेला आपणच वेगळा केला होता. शेजारी कपड्यांचं गाठोडं होतं. मुलगा प्रज्वल तिला बरी होईपर्यंत शेतातल्या झोपडीत ठेवणार होता. पोरगा वाईट नव्हता, पण त्याची लेक अपेक्षा जेमतेम रांगायला लागली होती, आणि भीतीपुढं माणसाचं काही चालत नाही.

"किडा अलग अन् जंतू अलग, बाबा," धम्मशीला म्हणाली. "किडा डोयाले दिसते, त्याले पाय असते. जंतू दिसतच नाई. आई खोकलली का हवेत उडते, अन् बंद घरात तिथंच फिरत राह्यते. दुसऱ्यानं श्वास घेतला का गेला त्याच्या छातीत. औषध घराले नाई, आईले द्या. रोज, न चुकता. मंग काही हप्त्यांत पसरनं कमी होते."

"अन् ताट?" प्रज्वलनं विचारलं.

"ताटानं नाई पसरत. मास्क लावा, लेकरू तपासून घ्या, अन् आईची खोली हवेशीर पाह्यजे. खिडकी कुठं हाये?"

इंद्रभाननं मागच्या भिंतीकडं पाहिलं.

खिडकी होती. प्रज्वल लहानपणी हिवतापानं फणफणला, तेव्हा डास नकोत म्हणून इंद्रभाननंच ती विटा लावून बुजवली होती. आता एक चिलट आत येणार नाही, असं तो गावभर सांगत फिरला होता.

पण त्याआधी काय दिवस होते! अन्नपूर्णा नवी नवरी होती, घरात सासूचा धाक होता. नवऱ्याशी चारचौघांत बोलायची सोय नव्हती. इंद्रभान औषधाचा वास घेऊन रानातून आला की ती त्याला घरात येऊ द्यायची नाही. "हात पुढं करा," म्हणायची, आणि खिडकीतून तांब्या धरायची. दिवसभराचं सगळं बोलणं त्या तांब्याभर पाण्यात व्हायचं. पाणी लवकर संपू नये म्हणून ती धार अगदी बारीक धरायची. सासू आतून ओरडायची, "हात धुते का आंघोय करते तो?"

"मी जाते झोपडीत," अन्नपूर्णा खोकत म्हणाली. "लेकराले काई होऊ नये."

"तू कुठंई जात नाईस," इंद्रभान म्हणाला आणि कोपऱ्यातली पहार घेऊन बाहेर गेला.

पहिली वीट हलायला वेळ लागला. दुसऱ्या विटेला प्रज्वल घण घेऊन बापाशेजारी येऊन उभा राहिला. मग बापलेकांनी मिळून सगळ्या पाडल्या. खोलीत ऊन आलं, वारा आला, आणि मागोमाग दोनचार माश्याही आल्या. इंद्रभाननं त्या पाहिल्या आणि येऊ दिल्या.

प्रज्वलनं गाठोडं उचलून खोलीत नेलं.

इंद्रभान बाहेरच उभा होता. हात कोपरापर्यंत मातीनं भरले होते, आणि का कोण जाणे, त्याला रडू येत होतं.

"हात पुढं करा," आतून आवाज आला.

मास्क लावलेली अन्नपूर्णा खिडकीत तांब्या घेऊन उभी होती. हात इतका वाळला होता की बांगड्या पार कोपराशी घसरल्या होत्या. त्यानं दोन्ही हात पुढे केले.

आता घरात कोणाचाच धाक नव्हता. तरी तिनं धार बारीकच धरली.