न विचारता सांगणारा डॉक्टर

दवाखान्याचं शटर अर्धं वर जायच्या आतच रांग कोपऱ्यावरच्या बेकरीला वळसा घालून गेलेली असे. गल्लीत नवा डॉक्टर आला होता, आणि तो म्हणे रोग्याला काही विचारतच नसे. मनगट धरायचं, डोळे मिटायचे आणि दुखणं सांगून मोकळं व्हायचं. अंगावर परीटघडीचा पांढरा कोट, मागे सोनेरी चौकटीत दोन पदव्या. "नाडी खोटं बोलत नाही," हे त्याचं पालुपद. कुलूपवाल्याची कंबर त्याने ओळखली, शिंपीणबाईंची उडालेली झोप ओळखली. बाकीच्या डॉक्टरांना बिचाऱ्यांना यंत्रं लागतात. ह्याला नुसता अंगठा पुरे होता.

त्या रांगेत भूगोलाच्या बाईही असत. निवृत्तीने शाळा सुटली, मागोमाग नवरा गेला, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत बाई आणि टीव्ही एवढेच उरले. टीव्ही चालू ठेवल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे. धाकटी बहीण दूरच्या शहरात, तीही एकटीच. दोघींची उठण्या-झोपण्याची वेळ जमत नसे, म्हणून त्या आपलं बोलणं फोनमध्ये रेकॉर्ड करून एकमेकींना पाठवत.

बाईंना काचबिंदू होता. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की थेंब बंद केलेत तर नजर कडेकडेने जाईल, दुखणार नाही आणि कळणारही नाही. पुस्तकं सुटली असती तर बाईंकडे दुसरं काय होतं? तरीही नव्या डॉक्टरने "ते थेंब म्हणजे विष" असं म्हटल्याबरोबर त्यांनी ते बंद केले. त्याने दिलेल्या थेंबांनी डोळे गार वाटत आणि आरशात पांढरेशुभ्र दिसत. डॉक्टरीणबाई चार वाक्यं बोलून पुढच्या रोग्याला हाक मारत. हा मनगट हातात घेऊन बसून राही. बाईंचा हात इतका वेळ कुणी धरला, त्याला वर्षं लोटली होती.

धाकटीचा विश्वास बसेना. तेव्हा तिला ऐकवावं म्हणून बाईंनी एकदा दवाखान्यात पिशवीतला फोन रेकॉर्डिंगवर ठेवला. घरी येऊन, पाठवायच्या आधी, तेवढीच सोबत म्हणून त्या स्वतःच ऐकायला बसल्या.

"खूप सोसलंत," डॉक्टरचा आवाज आला. मग नुसती शांतता.

"हो ना. हे गेल्यापासून घर खायला उठतं," हा बाईंचा आवाज.

"घर. तेच म्हणतोय मी. आणि त्याचा परिणाम झालाय…" पुन्हा शांतता.

"डोळ्यांवर ना?"

"डोळ्यांवर. नाडी खोटं बोलत नाही."

"डावा जरा जास्तच."

"डावा. आता बघा, तुम्ही सांगायच्या आधीच मी ओळखलं की नाही?"

आणि ह्यावर बाईंचा भारावलेला होकार. बाईंनी ते पुन्हा ऐकलं. सगळी बडबड त्यांचीच होती. बोलेल त्याची बोरं विकतील म्हणतात. ह्याची न बोलताच विकली जात होती. बाईंना राग आला त्याहून जास्त लाज वाटली आणि लाजेहून जास्त वाईट वाटलं, कारण तेवढ्या रेकॉर्डिंगमध्ये त्या कितीतरी महिन्यांत दुसऱ्या कुणाशी समोरासमोर बोलल्या नव्हत्या इतकं बोलल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी रांगेत त्यांनी विषय काढला. कुलूपवाला उसळला. म्हणाला, शंका घेणाऱ्याला गुण येत नाही. बाई भांडल्या नाहीत. आज आत जाऊन तोंड उघडायचं नाही, मानही हलवायची नाही, एवढंच त्यांनी सुचवलं. नाडी खरी असेल तर तिला बोलू दे. बाईंना खोटं पाडायच्या ईर्ष्येनेच तो तोंड मिटून आत गेला.

बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. डॉक्टरने आधी छाती सांगितली, मग पोट, मग गुडघे, मग मूळव्याध; शेवटी "मन मोकळं करा हो" म्हणून विनवणी केली. कुलूपवाल्याचा कान दुखत होता. नंतर शिंपीणबाई मुकाट्याने बसून आल्या आणि त्यांच्यावर तर तो खेकसलाच. रांग हळूहळू पांगली. दुसऱ्या दिवशी शटर वर गेलंच नाही.

पोलिसांकडून पुढे कळलं, की हा कुठे वकील होता, कुठे इमारतींचा इंजिनियर, आता डॉक्टर. कोट बदलायचा, चौकटीतला कागद बदलायचा, धंदा तोच. लोकांनी आधी कोट पाहिला आणि उरलेलं स्वतःच पुरवलं.

बाई डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. तपासणी झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच खुर्ची जवळ ओढली. म्हणाल्या, डावीकडची कड गेली, ती परत येणार नाही. थेंब पुन्हा सुरू करा, उरलेली नजर राखू. बाई तिथे रडल्या नाहीत. घरी येऊन रडल्या.

जिन्यात कुलूपवाला भेटला. घुटमळत म्हणाला, "ते सगळं खरं बाई. पण तो ऐकून तरी घ्यायचा. आता कुणाला सांगायचं?"

"मला सांगा," बाई म्हणाल्या. "मन मोकळं करायचं तर वर या, चहा टाकते. पण कान दाखवायचा तर पदवी तपासता येईल अशा माणसाला दाखवा. तो विचारेल, यंत्र लावेल, कदाचित 'मला कळत नाही' असंही म्हणेल. म्हणू दे. ही दोन्ही कामं आपण एकाच माणसाकडे मागितली, तिथेच फसलो."

संध्याकाळी तो खरंच आला. खोलीत पाऊल टाकून डावीकडच्या खुर्चीवर बसला आणि बोलायला लागला. बाईंनी मान वळवून त्याला शोधलं.

"तिथे नको," त्या म्हणाल्या, "ह्या बाजूला बसा. तिथे बसलात तर मला दिसत नाही."