कोरी चिठ्ठी

मॅडमनी बिस्किटांच्या जुन्या डब्यात हात घातला, एक चिठ्ठी उलगडली आणि वाचली, “ग्रंथालयात बसणाऱ्या मुलांना जास्त गुण मिळतात, असं पाहणी सांगते. पण मुळात अभ्यासू मुलंच तिथे जाऊन बसत असतील तर?”

दुसऱ्या बाकावरच्या मुलीने चमकून वर पाहिलं. दर शुक्रवारी प्रत्येकाने बिननावाचा प्रश्न डब्यात टाकायचा, ही मॅडमची पद्धत. ती मात्र दर वेळी कोरा कागद घडी घालून टाकायची. आजही कोराच टाकला होता. आणि हा प्रश्न तर तिचाच, पहिल्या वर्षी मॅडमच्याच तासाला तिने उभं राहून विचारलेला, शब्दन् शब्द.

त्या दिवशी सगळा वर्ग हसला होता आणि मागच्या बाकावरच्या म्होरक्याने तिचं नाव ‘चौकशी-खिडकी’ ठेवलं होतं. मग तिने हात वर केला रे केला की मागून कुजबुज, खिडकी उघडली, रांग लावा. जिन्यात तेच, वसतिगृहातही तेच. बिचारीने तोंडाला कुलूप लावलं आणि घोकंपट्टी सुरू केली. पाठांतरात तिचा हात कोण धरणार! गुण भरभरून मिळाले, पण ‘तुला काय वाटतं?’ असं कुणी विचारलं की दरदरून घाम फुटायचा. आता शेवटचं वर्ष होतं. मॅडमच्या संशोधन प्रकल्पात एकच जागा होती. ती तिला मनापासून हवी होती, आणि मिळणार होती वर्गात तोंड उघडणाऱ्यालाच.

म्होरक्याने ऐटीत उत्तर सुरू केलं आणि मध्येच अडकला. डोकं खाजवत म्हणाला, “प्रश्न भारी आहे. कोणाचा?”

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. तिने बाकाची कड घट्ट धरली आणि उठली.

“माझा. ग्रंथालयात जायला लागण्याआधी त्यांना किती गुण होते, ते पाहायला हवं.”

या वेळी कुणी हसलं नाही. म्होरक्याने तर वहीत लिहून घेतलं.

तास संपल्यावर ती टेबलापाशी रेंगाळली. उलगडलेली चिठ्ठी तिथेच पडली होती, तिची, कोरी. म्हणजे प्रश्न मॅडमनी आठवणीतून म्हटला होता, आणि कोरी चिठ्ठी कुणाची हेही त्यांना ठाऊक होतं. तिचा ऊर भरून आला.

“एवढी वर्षं लक्षात ठेवलंत, मॅडम. तुमचे उपकार कसे फेडू?”

मॅडम डब्याचं झाकण लावत राहिल्या.

“उपकार कसले गं? त्या दिवशी मला उत्तर येत नव्हतं. म्हणून मी त्यांना हसू दिलं.”

तिने विचारलं, “आता येतं?”

“आत्ता तू सांगितलंस तेवढंच. बाकीचं प्रकल्पात शोधू. सोमवारपासून ये.”