नाकावरचं वजन

घड्याळं दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला 'अंदाजे' हा शब्द शिवीसारखा लागतो. घड्याळजींचं तसंच होतं. बायकोबरोबर आठवडाभर फिरायला जायचं म्हणून त्यांनी एक जुनी कॅराव्हॅन, म्हणजे मोटारीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेतली आणि निघायच्या आदल्या दिवशी तिचं नाक जोखायला बसले. नाक म्हणजे मोटारीच्या मागे असलेल्या जोडणीच्या लोखंडी गोळ्यावर टेकतं ते पुढचं टोक. त्यावर भार कमी पडला तर कॅराव्हॅन रस्त्यावर शेपटी हलवते, जास्त झाला तर मोटार बूड टेकते. त्यांच्या मोटारीला पंचाहत्तर किलोपर्यंत चालणार होतं.

त्यांनी न्हाणीघरातला वजनकाटा अंगणात आणला, त्यावर मापात कापलेला ठोकळा उभा केला आणि कॅराव्हॅनचं पुढचं छोटं चाक हळूहळू वर घेत नाक ठोकळ्यावर टेकवलं. काटा बहात्तरवर थांबला. घड्याळजींनी भिंग लावून खात्री केली. तेवढ्यानं भागेना, म्हणून समोरच्या बसचालक बाईंना बोलावून आकडा दाखवला आणि जाता जाता, याच काट्यावर आपण वर्षभरात सहा किलो उतरलो, हेही सांगून टाकलं. बाईंना ते पाठ होतं. त्यांनी मान डोलावली.

बायको दारात चहा पीत उभी होती. बाई आपल्या घरात गेल्यावर ती काट्याजवळ आली.

"अहो, त्यात सहा मिळवा," ती म्हणाली.

"कशात?"

"काट्यात. तो कमी दाखवतो; रिकामा असला की शून्यावरच अडतो, म्हणून कळत नाही. खालचा स्क्रू मीच फिरवत होते."

झालं होतं असं, की गेल्या वर्षी महिनाभर चालूनही काटा हलेना, तेव्हा घड्याळजी रुसले आणि त्यांनी बूट माळ्यावर टाकले. मग तिनं काटा थोडा थोडा मागे घेतला, आणि हे शीळ घालत फिरायला जाऊ लागले.

"म्हणजे मी एक ग्रॅमसुद्धा उतरलो नाही?"

"वजन नाही उतरलं. पण जिना चढताना लागणारी धाप थांबली ना?"

घड्याळजी बेरजेकडे वळले. बहात्तर आणि सहा म्हणजे अठ्ठ्याहत्तर. त्यांनी कॅराव्हॅनच्या नाकाजवळची सामानाची पेटी उघडली. वाटेत कुणाचं घड्याळ बंद पडलं तर, म्हणून घेतलेली अवजारांची ट्रंक आत होती. ती घरीच राहू दे, असं बायकोनं सुचवून पाहिलं. ते ऐकायला तयार नव्हते. शेवटी दोघांनी मिळून ती चाकांच्या वरच्या जागेत सरकवली. आता काट्यानं अडुसष्ट दाखवले. सहा मिळवून चौऱ्याहत्तर.

दुसऱ्या दिवशी घड्याळजी तोंड फुगवूनच गाडी चालवत होते. कॅराव्हॅन मात्र मागून शहाण्यासारखी येत होती. लांबलचक उतार सरळ पार पडला तसं त्यांना हसू आलं.

"एक सांग," ते म्हणाले, "वर्षभर तूही त्याच काट्यावर उभी राहत होतीस ना? पोराला फोनवर सांगायचीस, माझंही उतरलंय म्हणून."

"समोर बघून चालवा," बायको म्हणाली.