मोबाइलवर न उघडणारी अक्षरं

राजशेखरअप्पांनी कॉम्प्युटरवरचं प्लास्टिकचं कव्हर काढलं आणि आधी त्याचे दोषच सांगायला सुरुवात केली.

"लई जुना हाय, वर्षा. इंटरनेट चालत न्हाई. बटण दाबून चहा पिऊन यावं, तवा कुठं चालू होतो. अन् हा डबा मॉनिटर उचलायचा म्हणजे पाठीचं काम तमाम."

लातूरचा त्यांचा छापखाना बंद होत होता. लग्नाआधी तीन वर्षं मी याच खुर्चीत बसून लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं टाइप केली. आता चार दिवसांसाठी नांदेडहून माहेरी आले होते. आईनं ही बातमी दिली आणि मी दोन वर्षांच्या तनूला कडेवर घेऊन सरळ इथं आले. अप्पा हजारात देत होते, नाहीतर भंगारवाला येणारच होता. हजार रुपये माझ्याकडं होते. हो म्हणायचं होतं, तेच तोंडातून निघत नव्हतं.

"घेऊन करशील काय?"

"लिहीन."

"मोबाइलवर लिहितात की आता. नुसतं बोललं तरी लिहिलं जातं म्हणे."

मोबाइलवर लिहून झालं होतं माझं. तनू बोलायला लागली तेव्हापासून लिहीत होते. ती दुपारी झोपली की, नळाला पाणी यायच्या आधी, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे. पंख्याला ती 'गगा' म्हणायची. दारात गाय आली की हात जोडून तिला 'बस' म्हणायची. काही माझंही असायचं त्यात. पहिल्या महिन्यात तिला आंघोळ घालताना माझे हात थरथरायचे, पायांवरून ती सटकेल असं वाटायचं आणि हे कुणाला सांगायची लाज वाटायची, असलं.

चैत्रात तनूचं जावळ काढलं. जेवणं झाल्यावर माझ्या नवऱ्यानं, सुदर्शनांनी, फोटो पाठवायला माझा मोबाइल घेतला. "ऐका, ऐका, आमच्या मॅडम लेखिका झाल्यात!" म्हणत सतरंजीवर बसलेल्या पाहुण्यांना सगळं वाचून दाखवलं. आंघोळीचंसुद्धा. सगळे हसले. वाईट मनानं कुणीच हसलं नाही, ते मला कळत होतं. नणंद म्हणाली, "वहिनी, लईच गोड!"

पाहुणे जायच्या आत मोरीत उभी राहून मी सगळं पुसून टाकलं. आठ महिन्यांचं.

आता तनू पंख्याला पंखा म्हणते. गगा आठवतो. चांदोबाला काय म्हणायची ते आठवत नाही. तिलाच विचारून पाहिलं, तर ती माझं नाक ओढून हसली. तेव्हापासून एक ओळ लिहिली नव्हती, आणि ती तर रोज काहीतरी नवं बोलते. बोलते आणि विसरते.

"अजून एक सांगतो," अप्पा म्हणाले. "तुला फसवून विकायचं न्हाई मला. यात फॉन्ट जुना हाय. हितलं मराठी मोबाइलवर उघडत न्हाई, एबीसीडीचा नुसता कचरा दिसतो. मागं एका गिऱ्हाइकाला मजकूर पाठवला, तर त्यानं फोन करून विचारलं, अप्पा, शिव्या देऊन राहिले का काय?"

मी हसले. मग विचारलं, "कुणाच्याच मोबाइलवर उघडत नाही?"

"कुणाच्याच. वाचायचं तर हितंच बसून. पासवर्ड टाक, म्हणजे तेबी न्हाई."

"मोबाइललाही आहे की पासवर्ड, अप्पा. घरात सगळ्यांना पाठ आहे."

कीबोर्डवरची अर्धी अक्षरं पुसली गेली होती. मी खुर्चीत बसून टाइप करून पाहिलं, बोटांना त्यांची गरज पडली नाही. तनू मांडीवर बसून स्पेसबार बडवत होती, तेवढ्यात सुदर्शनांचा फोन आला. आईनं बातमी पोचवली होती.

"काय भंगार घेऊन राहिलीस? दिवाळीला लॅपटॉप घेऊ की. सगळ्यांच्या कामी येईल."

"सगळ्यांच्या कामी येणारं नकोय मला."

"त्यातलं माझ्या मोबाइलवर उघडणार तरी आहे का?"

"नाही."

"मग उपयोग काय त्याचा?"

"हाच."

त्यांचा आवाज खाली आला. "अजून ते जावळाचंच धरून बसलीस? प्रेमानं वाचलं होतं गं."

"हाव, प्रेमानंच वाचलंत. पण मी वाचा म्हणाले नव्हते." तनूचे हात मी कीबोर्डवरून बाजूला केले. "मी घेतेय. विचारत नाही, सांगतेय."

अप्पांनी ऐकलं नसल्यासारखं करत वायरी गुंडाळायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी एसटीत कंडक्टरनं मॉनिटरकडं बघून डोक्याला हात लावला. "ताई, माझ्या लग्नाच्या आधीचा हाय हा. तुम्हाला बायकांचं अर्धं तिकीट, याला सवलत न्हाई बरं का."

"याचं पूर्ण फाडा," मी म्हणाले.

नांदेडला सुदर्शन स्टँडवर आले होते. कुरकुरत का होईना, मॉनिटर त्यांनीच दुसऱ्या मजल्यावर चढवला. सासूबाईंनी लगेच त्याच्यावर टाकायला विणलेला रुमाल आणला. स्वयंपाकघराच्या दारापाशी, शिलाई मशीनच्या टेबलावर त्याला जागा झाली. चालू व्हायला त्यानं वेळ घेतला. तोवर सुदर्शन माझ्या खुर्चीच्या मागं येऊन उभे राहिले.

"पासवर्ड काय ठेवलास?"

"ठेवलाय."

"अगं, सांग तरी. उद्या तूच विसरलीस तर?"

"विसरले तर माझंच जाईल."

ते हसले. मी हसले नाही. कीबोर्डवर बोटं ठेवून बसून राहिले.

"मागं उभे राहू नका," मी म्हणाले. "आणि तनूला जरा खाली फिरवून आणा."

"किती वेळ?"

"माझं होईपर्यंत."

ते तसेच उभे होते. मीही वळून पाहिलं नाही. शेवटी तनूच त्यांच्या पँटला लोंबकळून "चला, बाबा, चला" करायला लागली. त्यांनी तिला उचललं. जिन्यावरच्या चपलांचा आवाज पार खाली जाईपर्यंत मी थांबले, आणि मग टाइप करायला सुरुवात केली.